ओदी म्हणायचं आणि थांबायचं

पहाटे पाचच्या सुमारास कुंपणाबाहेरून हाक येते, "ओदी! ओदी!" मी चितेंजेचं कापड कमरेला गुंडाळते आणि आतून म्हणते, "ओदीनी." मगच बाहेरचं माणूस अंगणात पाऊल टाकतं. मलावीच्या मध्य भागात, डेड्झा जिल्ह्यातल्या या गावात कुणी कुणाचं दार वाजवत नाही. लांब उभं राहून ओदी म्हणायचं आणि थांबायचं. उत्तर आलं नाही तर आणखी एकदा म्हणायचं. तरीही नाही आलं तर माघारी फिरायचं, घरात माणूस आहे हे दिसत असलं तरी.

मिशनरी म्हणून इथे राहायला लागून चार वर्षं होऊन गेली. नवरा पाळक आहे, आसपासच्या मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडीलजनांना तो शास्त्र शिकवतो. मी हापसे दुरुस्त करायला शिकवते आणि गुरुवारी बायकांबरोबर बायबलमधलं वचन वाचते. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, दोन्हीचा संबंध काय? तो मलाही नीट कळायला दोन वर्षं लागली.

मंडळीने आम्हाला 2021 च्या ऑगस्टमध्ये पाठवलं. निरोपाच्या उपासनेत डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, लोक रडले, आम्हीही रडलो. मनात होतं, पोचल्यावर महिना-दोन महिन्यांत कामाला लागू. प्रत्यक्षात पहिले अकरा महिने मी रोज सकाळी एका बाईंच्या अंगणात चटईवर बसून भाषा शिकले. त्या मक्याचे दाणे सोडवायच्या, मीही सोडवायचे, आणि त्या जे बोलतील ते वहीत उतरवायचे.

चिचेवात, म्हणजे इथल्या भाषेत, शब्दाचं शेपूट बदलत नाही, तोंड बदलतं. चित्सिमे म्हणजे विहीर, झित्सिमे म्हणजे विहिरी. म्तेंगो झाड, मितेंगो झाडं. आणि नामाचं तोंड बदललं की त्याच्या मागोमाग विशेषणाचं, क्रियापदाचंही बदलतं. आपल्याला तीन लिंगांची सवय, इथे नामांचे डझनाहून जास्त वर्ग. पहिले तीन महिने मी रोज रात्री रडायचे. एक गोष्ट मात्र घरची निघाली. मान द्यायचा तर इथेही एकाला अनेकवचनात बोलतात. पोराला "उली ब्वांजी?" आणि मोठ्यांना "मुली ब्वांजी?" तू आणि तुम्ही. इंग्रजीतून चिचेवा शिकणाऱ्या एका ओळखीच्या मिशनरी ताईंना हे अवघड जात होतं. मला ते सांगावंच लागलं नाही.

काही शब्दांनी तर माझी प्रार्थनाच बदलली. अंबुये म्हणजे प्रभू, आणि अंबुये म्हणजे आजी-आजोबासुद्धा. प्रभूला हाक मारताना तोंडात आजीचा शब्द येतो. आणि पेपानी. कुणी ठेचकाळलं की बघणारा म्हणतो, पेपानी. त्याने काही केलेलं नसतं. तुला लागलं याचं मला वाईट वाटतं, एवढंच. दिवसातून वीसदा ऐकू येणारा शब्द, आणि मला तो अजूनही नवा वाटतो.

भाषेपेक्षा अवघड होता तो माझा चेहरा. गोऱ्या माणसाला इथे मझुंगू म्हणतात. मझुंगू गावात आला की तो मिशनचा, दवाखान्याचा किंवा कुठल्या संस्थेचा असणार, हे लोक धरून चालतात. आम्ही अम्वेन्ये, म्हणजे भारतीय. आणि अम्वेन्ये म्हणजे दुकानदार. ब्लँटायर, लिलोंग्वे या शहरांतली मोठी दुकानं आजही बरीचशी भारतीय वंशाच्या लोकांची आहेत. पहिल्या पावसाळ्यात आमच्याकडे ओदी म्हणत येणाऱ्यांतले निम्मे साखर आहे का, बॅटरी आहे का, केवढ्याला, हे विचारायला येत. आम्ही काही विकत नाही म्हटल्यावर ते मान हलवून जायचे, आणि त्यांना ते पटलेलं नाही हे स्पष्ट दिसायचं. काहीच विकायचं नाही तर हा माणूस एवढ्या लांबून आला कशाला?

गावचे म्फुमु, म्हणजे मुखिया, ऐंशीच्या घरातले. एका दुपारी ते काठी टेकत आले. मी गुडघे टेकून नमस्कार केला, खुर्ची दिली, मी चटईवर बसले. हवापाण्याचं झालं. मग म्हणाले, "खाली रस्त्याला एक पडकी भिंत आहे ना, तिथे तुमच्या लोकांचं दुकान होतं. माझे वडील तिथून कापड आणायचे. उधारीवर." 1970 च्या दशकात इथल्या सरकारने भारतीय व्यापाऱ्यांना खेड्यापाड्यांतून दुकानं बंद करून मोठ्या शहरांत जायला लावलं, हे मी वाचलं होतं. त्या भिंतीजवळून मी रोज जायचे, पण ती भिंत त्या हुकुमाची आहे हे तेव्हा कळलं.

म्हातारबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "वडिलांचं देणं राहून गेलं. दुकानदार रातोरात सामान भरून गेला, वही त्याच्याबरोबर गेली. आता वडीलही नाहीत. तुम्ही ते मागायला आलात का?"

ते खरोखरच विचारत होते. इतकी वर्षं ते देणं त्यांच्या मनात जपलेलं होतं. माझी चिचेवा तेव्हा तोडकीमोडकी, मला एवढंच म्हणता आलं, "नाही बाबा, मी काही मागायला आले नाही." त्यांनी डोळे मिटले आणि हळूच प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ म्हटली, आमचे मांगावा आम्हाला सोड. मांगावा म्हणजे ऋणं. मराठीतही आपण ऋणंच म्हणतो. लहानपणापासून हजारो वेळा ती ओळ म्हणत आले आणि दर वेळी तिचा अर्थ पापं असा लावून मोकळी झाले. त्या दुपारी समोर बसलेल्या माणसाला त्या शब्दात खरोखरच कापडाचे पैसे दिसत होते. ते गेल्यावर मी खूप वेळ तशीच बसून राहिले.

आता हापशाबद्दल. इथे बोअरच्या हापशाला म्जिगो म्हणतात. बहुतेक गावांत आफ्रिडेव्ह जातीचा पंप दिसतो. तो ज्यातून निघाला त्या मालडेव्ह पंपाचं काम याच देशात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. कल्पना अशी की दुरुस्तीला ट्रक, क्रेन, शहरातला मिस्त्री काही लागू नये, गावातल्या माणसांनी एका पान्यावर तो उघडावा. हे शिकताना मला कळलं की हापशांच्या या गोष्टीत मराठी मुलूखही आहे. 1960 च्या दशकात जालन्याच्या दुष्काळी गावांत स्कॉटलंडच्या मिशनचे लोक बोअर घेत होते. ओतीव लोखंडाचे हापसे गर्दीच्या वापराने पटापट मोडायचे, म्हणून तिथे पोलादाचा जालना पंप घडला. सोलापुरात मिशनशी जोडलेल्या कामातून सोलापूर पंप आला. त्यावरूनच 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू बनला आणि जगभर गेला. परदेशातून आलेल्या कुणीतरी आपल्या माणसांच्या तहानेसाठी वर्षानुवर्षं लोखंडाशी झटापट केली होती. हे वाचल्यावर माझ्या कामाबद्दल मनात जी शंका होती ती गेली.

पंप बिघडला म्हणजे काय ते हात लावला की कळतं. दांडा बराच वेळ हापसल्यावर पाणी येत असेल तर खालचा फूट व्हॉल्व्ह गळतोय. पाणी लगेच येतं पण बारीक येतं, तर दट्ट्यावरचं यू-सील झिजलंय. यू-सील म्हणजे रबराचं कडं, हाताच्या बांगडीपेक्षाही लहान. झाकण उघडायचं, दांडा काढायचा, मग आतल्या सळ्या एकेक करून वर ओढायच्या. प्रत्येक सळी साधारण तीन मीटरची, टोकाला आकडा, हातानेच सुटते. सळ्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, दोन बेळक्यांवर आडव्या ठेवायच्या, नाहीतर माती विहिरीत जाते. शेवटच्या सळीबरोबर दट्ट्या येतो, ओला, गार, लालसर चिकट थर चढलेला. एक म्हातारी दर वेळी तो हातात घेऊन तोंडाजवळ नेते आणि वास घेते. तिने ते का करावं हे मी कधी विचारलं नाही. जमिनीच्या चाळीस मीटर खालून आलेली वस्तू हातात आली की माझंही मन तसंच होतं.

माझी मोठी चूक याच कामात झाली. जुलै 2022 मध्ये शेजारच्या वस्तीचा हापसा बंद पडलेला मी पाहिला. शहरातून येताना सुटे भाग आणले होते, हातात नवं कसब होतं आणि वर्षभर नुसतं बसून काढल्याची खंत होती. मी कुणाला विचारलं नाही. दोन पोरांना मदतीला घेतलं आणि दुपारपर्यंत पाणी काढून दिलं. बायका गायल्या, नाचल्या. तिथल्या मुखियांनी म्हण ऐकवली, "म्लेन्दो न्दिये अमाद्झा न्दि कालुमो काकुथ्वा," धारदार वस्तरा पाहुणाच घेऊन येतो. मी ती म्हण मोठ्या अभिमानाने घरच्या मंडळीला पत्रात लिहून पाठवली.

डिसेंबरमध्ये तोच हापसा पुन्हा बंद पडला. रबराची ओ-रिंग गेली होती, अर्ध्या तासाचं काम. पण मला कुणी सांगितलं नाही आणि गावातही कुणी हात लावला नाही. त्या वस्तीत आधी पाण्याची कमिटी होती, थोडे पैसे जमलेले होते. मी फुकटात दुरुस्ती करून गेल्यावर कमिटीने पैसे वाटून घेतले. हापसा आता अम्वेन्यांचा झाला होता, ज्यांचा आहे ते बघतील. बायका खालच्या दांबोतल्या, म्हणजे पाणथळीतल्या खड्ड्यांतून पाणी आणू लागल्या.

आणि तो कॉलऱ्याचा पावसाळा होता. मार्च 2022 मध्ये दक्षिणेत सुरू झालेली साथ वर्ष संपेपर्यंत देशभर पसरली होती. या देशाने पाहिलेली ती सर्वांत मोठी साथ, 1700 हून जास्त माणसं गेली. जानेवारी 2023 मध्ये लिलोंग्वे आणि ब्लँटायरच्या शाळा वेळेवर उघडल्या नाहीत. त्या वस्तीतून तिघांना कॉलराच्या तंबूत न्यावं लागलं, त्यात एक सात वर्षांची मुलगी. तिघंही वाचले, देवाची कृपा. पण ती मुलगी तंबूतल्या खाटेवर पडलेली, डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी, हे मी पाहिलं आहे. मी न विचारता आत शिरले होते. ओदी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर मी तिथे गेले, गुडघे टेकून बसले आणि माफी मागितली. त्यांनी पेपानी म्हटलं, मलाच. मी म्हणाले, मी परत येईन, पण तुम्ही बोलावल्यावर. मग मी चार महिने वाट पाहिली. त्या चार महिन्यांत जाता-येता हापशाकडे नजर जायची आणि पोटात तुटायचं. क्लोरीनच्या बाटल्या तेवढ्या आरोग्यसेविकेबरोबर वाटत राहिले.

वाट पाहताना मला विल्यम कोयीचा आधार वाटला. दक्षिण आफ्रिकेतला खोसा माणूस, लव्हडेलच्या मिशनशाळेत शिकलेला. 1876 मध्ये तो स्कॉटिश मिशनबरोबर इथे आला. मलावीतल्या मिशनचा इतिहास काढला की डॉ. रॉबर्ट लॉज यांचं नाव येतं, आणि यायलाच हवं, 1875 ते 1927 एवढा काळ त्यांनी इथे घालवला. पण मला कोयी जवळचा वाटतो. तोही परदेशी, तोही गोरा नसलेला. 1882 पासून तो उत्तरेत एन्गोनी लोकांमध्ये राहिला. त्यांची भाषा त्याला कळायची. राजाने शाळा काढायला परवानगी दिली नाही, तर तो शाळा न काढताच तिथे राहिला. परवानगी मिळाली 1886 मध्ये, आणि त्याच वर्षी कोयी वारला. त्याच्या हिशेबात मोठे आकडे नाहीत. मी त्याला अपयशी म्हणू शकत नाही, आणि कुणी म्हणालं तर वाद घालते.

मे महिन्यात, मक्याची काढणी झाल्यावर, तिकडच्या दोन बायका कुंपणाशी आल्या. "ओदी." त्यांनी दहा जणांची नवी कमिटी केली होती, त्यात सहा बायका. घरटी वर्गणी ठरली होती, वही आणली होती. मला फक्त शिकवायला बोलावलं होतं. पाना माझ्या हातात नव्हता, पहिल्यापासून त्यांच्या हातात होता. त्या दिवशी कामाला अख्खा दिवस लागला, एक सळी जवळपास विहिरीत पडली होती, आणि संध्याकाळी पाणी आलं तेव्हा कुणी नाचलं नाही. अध्यक्षबाईंनी बादली भरली, डोक्यावर घेतली आणि स्वयंपाकाला निघून गेल्या. मला तो सर्वांत चांगला दिवस वाटतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचाचं, म्हणजे इथल्या चलनाचं, 44 टक्के अवमूल्यन झालं. सुट्या भागांचे भाव बघता बघता चढले आणि कमिटीने साठवलेल्या पैशांत अर्धाच माल येऊ लागला. आम्हाला मदत बाहेरून येते, आम्ही सहज भर घालू शकलो असतो. नवऱ्याचा आणि माझा यावर आठवडाभर वाद चालला. शेवटी कमिटीनेच ठरवलं की वर्गणी पैशांऐवजी मक्यात घ्यायची आणि भाव चढला की विकायचा. हे आम्हा दोघांना सुचलं नसतं.

घरच्या मंडळीला दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवावा लागतो. त्यात रकाने असतात: किती सभा, किती बाप्तिस्मे, किती नवी कुटुंबं. लोक पोटाला चिमटा काढून दान देतात, त्यांना विचारायचा हक्क आहे. तरी मला वाटतं, पहिल्या वर्षाच्या अहवालात एकच रकाना असावा, तुम्हाला किती घरांनी आत बोलावलं. शुभवर्तमान सांगायचं नाही असं माझं म्हणणं मुळीच नाही. मी त्यासाठीच आले आहे, गुरुवारी तेच सांगते आणि कुणी विचारलं तर मध्यरात्रीही सांगेन. पण इथे मंडळी शंभर वर्षांहून जुनी आहे. पुष्कळ बायका मला शिकवतील इतक्या वचनात मुरलेल्या आहेत. त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या की मी डोळे उघडून बघते, लहान मुलीसारखी.

मलेरिया मला तीनदा झाला. बोट टोचून तपासणी, तीन दिवसांत सहा वेळा चार-चार गोळ्या, सोबत काहीतरी तेलतुपाचं खायचं, आणि आठवडाभर पाय कापूस. त्याची सवय होते. सवय होत नाही ती लांबच्या फोनची.

2024 च्या जूनमध्ये आई गेली. इथली थंडी होती. ते दुष्काळाचं वर्ष होतं, मार्चमध्येच सरकारने आपत्ती जाहीर केली होती, मका जळालेला, घरोघर एक वेळचं न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचं रोजचं जेवण. भाऊ म्हणाला, तू पोचेपर्यंत थांबता येणार नाही. माती द्यायला मी नव्हते. मी फोन ठेवला आणि दार लावून बसले.

बातमी कशी गेली ठाऊक नाही. अंधार पडायच्या आधी बाहेर ओदी ऐकू आलं. मी उत्तर दिलं नाही. पुन्हा आलं. नवऱ्याने आतून हळूच म्हटलं, ओदीनी. एकेक करून बायका आत आल्या, वीस-पंचवीस तरी असतील. इथल्या मालिरोत, म्हणजे मयताच्या घरी, बायका दुःखात असलेल्या बाईबरोबर जमिनीवर बसतात आणि रात्री तिथेच झोपतात. घरात मयत नव्हतं, मयत समुद्रापलीकडे होतं. तरी त्या बसल्या. प्रत्येकीने ताटलीभर पीठ आणलं होतं, त्या वर्षी, ज्या वर्षी त्यांच्याच घरी पीठ नव्हतं. कुणी उपदेश केला नाही. मध्येच एखादी गाणं धरायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. म्हाताऱ्या म्फुमुंनी बाहेर अंगणात शेकोटीजवळ रात्र काढली. तीन रात्री हे चाललं. मी कुणाला या म्हटलं नाही आणि कुणाला जा म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कुंपणाशी हाक आली. शेजारच्या वस्तीच्या अध्यक्षबाई होत्या. मी स्वतः म्हटलं, "ओदीनी." त्या आल्या, गुडघ्यावर बसल्या, चितेंजेच्या गाठीतून कमिटीची वही काढली आणि म्हणाल्या, तारीख बरोबर पडली आहे का एवढं बघा. मी सुतकात असताना हापसा बिघडला होता. मला कळवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. वहीत पेन्सिलीने लिहिलं होतं: यू-सील एक, ओ-रिंग एक, शिल्लक मका दोन पोती. तारीख बरोबर होती. मी वही परत दिली. त्यांनी ती पुन्हा गाठीत बांधली, कोपऱ्यातला केरसुणीचा झुपका उचलला आणि माझं अंगण झाडायला घेतलं.